बरणीतलं पांढरं

"बाई, मला एखादी मोठी बरणी बघून द्या," मावशी म्हणाल्या. "तुमच्या त्या सतरा नंबरच्या दिवशी ही पुरत नाही."

ती पांढऱ्या कोटाचं तिसरं बटण लावत होती. बटण सैल होतं, दोऱ्यावर लोंबत होतं, ते आज तरी शिवून घ्यायला हवं असं तिच्या मनात चाललेलं होतं, आणि मावशींचं वाक्य त्या बटणाच्या शेजारून निघून गेलं. मग परत आलं. "कशाच्या दिवशी?" तिनं विचारलं. मावशी बादली खाली ठेवून कंबरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "सतरा हो. तुम्ही बशीवर चिकटपट्टी लावता ना, तिच्यावर लिहिलेलं असतं. बारा नंबर होता, चौदा होता, तेव्हा बरणीत तळाला चमचाभर पांढरं असायचं. सतराच्या दिवशी अर्ध्याच्या वर येतं. मला काय, मी ओतून देते. पण नेताना हिंदकळतं, आणि वास राहतो हाताला." एवढं बोलून त्यांनी बादली उचलली आणि माशांच्या टाक्यांमधल्या अरुंद वाटेनं त्या पाठमोऱ्या चालू लागल्या, वाटेत एका टाकीवर बोट आपटून, "काय गं, उठलीस का," असं कुणा मासोळीला विचारत. अठरा वर्षं त्या ही खोली सांभाळत होत्या. खोलीत बाराही महिने एकच ऋतू असायचा, कोमट, दमट, जरा शेवाळाच्या वासाचा, आणि सकाळी आठला यंत्राच्या हिशेबानं दिवे लागले की तिथला दिवस उजाडायचा. आता आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वाजता सतरा नंबरच्या अहवालावर तिला सही करायची होती.

बरणी तिच्या टेबलाखालीच होती. साधी, काचेची, झाकण हरवलेली. सहा आठवडे ती त्या बरणीत नळीनं टिपलेली पांढरी अंडी सोडत आली होती, आणि सहा आठवड्यांत एकदाही तिनं खाली वाकून ती किती भरली ते बघितलं नव्हतं. वरून सोडायचं, टप्, आणि नजर पुन्हा भिंगात. टाकायच्या वस्तूकडे कोण बघतं. तिनं आत्ता वाकून बघितलं. बरणी धुतलेली होती, लख्ख, आणि तिच्या तळात तिचाच चेहरा वाटीएवढा होऊन पडलेला होता.

लाज चेहऱ्यावर येते असं तिला आजवर वाटायचं. आज ती कानांच्या मागून निघाली, मानेवरून खाली आली आणि दोन्ही हातांत उतरून तिथंच बसली. याच हातांचं केवढं कौतुक होतं इथं. अंडं म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं, पारदर्शक, पाण्यात पाण्यासारखं. त्याला नळीच्या टोकात अलगद घ्यायचं, पिळायचं नाही, दुखवायचं नाही, आणि पाहिजे त्या घरात सोडायचं. हे तिच्यासारखं कुणालाच जमत नव्हतं. तिच्या बशा स्वच्छ असत. ओळीनं खळगे, खळग्यात वीस वीस, एकही मळकं नाही, एकही अर्धं नाही. पाहुणे आले की सर त्यांना आधी तिच्या टेबलाशी आणायचे. सरांना सगळे मागून बगळा म्हणत, कारण बोलताना ते एक पाय दुमडून भिंतीला टेकवत, आणि माशांच्या खोलीत तसा उभा राहिलेला माणूस बघून हसू आवरायचं नाही. बगळा म्हणायचा, "ही बशी बघा. असं काम बघायला मिळत नाही." आणि ती मान खाली घालून, न हसण्याचा प्रयत्न करत, नळीचा रबरी फुगा उगाच पुसत राहायची. ते सुख होतं. आता त्या सुखाची आठवण येताच तिचे कान पुन्हा तापले.

सतरा नंबर हा प्रथिनाचा एक बारका तुकडा होता. अशा तुकड्यांनी प्राणी आपल्या अंगावरचे जंतू मारत आलेले आहेत. बेडकाच्या ओल्या कातडीत ते असतात, माणसाच्या घामात असतात. जंतूला जाड कातडी नसते, असतो एक पातळ पापुद्रा. हा तुकडा त्या पापुद्र्याला जाऊन चिकटतो, आत शिरतो, भोक पाडतो, आणि जंतू फुटतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतूही फुटतात, म्हणून तर सगळी धडपड. सतरा नंबरचं मलम होणार होतं, बायकांच्या आतल्या भागाच्या संसर्गासाठी. आणि ज्या बाईला दिवस गेलेले आहेत, पण अजून तिचं तिलाच कळलेलं नाही, तिनं ते लावलं तर? एवढ्या एका प्रश्नासाठी हे मासे होते, करंगळीच्या अर्ध्याएवढे, अंगावर निळ्या रेघा ओढलेले. माशाचा गर्भ उघड्यावर वाढतो, काचेसारखा असतो, आत काय चाललंय ते दिसतं. त्याला सतरा नंबरच्या पाण्यात ठेवायचं आणि बघायचं: जगतो का, वाकडा होतो का, हृदय वेळेवर धडकायला लागतं का. तिच्या कोष्टकात शंभरातले अठ्ठ्याण्णव जगले होते. सरळ होते. अठ्ठ्याण्णव हृदयं वेळेवर धडकली होती.

पण कोष्टक कधी सुरू होत होतं? ती खुर्चीवर बसली. आठ वाजता दिवे लागले की नर-माद्यांमधले पडदे मावशी उचलतात. अर्ध्या तासात अंडी पडतात. औषधाचा परिणाम अगदी पहिल्यापासून बघायचा तर अंडी तासाभराच्या आत औषधात गेली पाहिजेत. पण तेव्हा फळलेलं कुठलं, वांझ कुठलं, ते हजारभर अंड्यांत एकेक करून बघत बसायला वेळ नसतो. वांझ अंडी नंतर आपली आपण खडूसारखी पांढरी पडतात. म्हणून तिनं एक सोय काढली होती. सगळी अंडी मोठ्या बशीत आधी औषधात सोडायची, साडेबारापर्यंत थांबायचं, मग पांढरी पडलेली टिपून बरणीत टाकायची, आणि उरलेल्यांतली चांगली वीस वीस खळग्यांत भरून तिथून मोजायला लागायचं. आधी निवडून मग औषध देण्याची एक रीत होती. आधी औषध देऊन मग एकही न टाकता सगळी मोजण्याची दुसरी. दोन्ही रीती बरोबर. तिनं दोन्हींचा एकेक सोयीचा तुकडा घेऊन एक तिसरीच शिवली होती, आणि तिला वाटलं होतं, आपण वेळ वाचवला. पांढरं पडलेलं ते वांझच असणार. दुसरं काय असणार?

मेलेलं असणार.

मेलेलंही पांढरंच पडतं. मोहरीएवढ्या त्या जिवाला पहिल्या चार तासांत ना कातडी असते, ना खवले, ना काही. असतो फक्त पापुद्रा, जंतूसारखाच पातळ. सतरा नंबरला काय ठाऊक, कुणाच्या दारात आलोय ते. जो फुटायचा तो सकाळीच फुटत होता, आणि दुपारी ती आपल्या कौतुकाच्या हातांनी त्याला टिपून टेबलाखाली टाकत होती, आणि जे तगले त्यांना खळग्यात बसवून विचारत होती, तुम्ही जगलात का? आणि ते म्हणत होते, जगलो की.

"मावशी," तिनं हाक मारली, "आज पडदे उचललेत?" टाक्यांच्या पलीकडून आवाज आला, "उचलले तर. काम संपलं तुमचं, त्याला माशांनी काय करायचं? माद्या फुगून बसतात नाहीतर." "अंडी टाकू नका. मला हवीत." "आता?" "आता."

तिनं दोन मोठ्या बशा घेतल्या. दोन्हींत एकाच टाकीतली अंडी, शंभर आणि शंभर, मोजून. एकीत नुसतं पाणी, दुसरीत सतरा नंबर. नऊ वाजायला दहा कमी होते. चिकटपट्टीवर वेळ लिहिताना तिला दिसलं की आपण आकडे नेहमीपेक्षा मोठे काढतोय, शाळेतल्यासारखे. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिनं एक अंडं भिंगाखाली धरलं. पिवळसर गोळा, त्याच्या डोक्यावर एक टपोरा थेंब. थेंबाला मधून घडी पडली. दोन झाले. पाव तासानं चार. पुन्हा पाव तासानं आठ, एकमेकांना खेटून, जसे काही थंडीत उभे आहेत. वीस वर्षांत हे तिनं किती हजार वेळा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी घडी पडताना तिचा श्वास नकळत थांबायचा. आजही थांबला. पण आज त्या थांबण्याचीही तिला लाज वाटली. हे म्हणजे स्वयंपाकघरात कोंबडी कापून अंगणात पिल्लांना दाणे टाकण्यासारखं झालं.

निवडायला तिला आईनं शिकवलं होतं. जेवणाच्या टेबलावर ताट तिरपं धरून आई धान्य निवडायची आणि ती शेजारी उंच खुर्चीवर पाय हलवत बसायची. दाणा इकडे, खडा तिकडे. आईची बोटं बघत बघत तिची बोटं तशी झाली. आईला जुळवून म्हणायची सवय होती, काम करता करता ओळी यायच्या तिला, आणि कपात चहा ओतून झाला की विसरूनही जायची. त्यातल्या दोन मात्र हिच्या कानात राहिल्या होत्या:

निवडता निवडता गं, डोळा लागला खड्याला
दाणा गेला खड्यासंगे, कोण सांगेल दाण्याला

धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती आणि हिला वाटायचं ते तिला झोपवायचं गाणं आहे. मोठेपणी घरात ती सगळंच निवडत बसायची, बटणं, पावत्या, फोटो. नवरा म्हणायचा, "मलाही असंच टिपून घेतलंस का गं?" ती म्हणायची, "नाही रे. तू आधीपासूनच बशीत होतास." त्यावर दोघंही हसायचे. परवाच हसले होते. परवा तिला वाटत होतं की आपण एक चोख बाई आहोत, आणि हसताना त्या चोखपणाचा एक छोटासा वाटा तिनं नवऱ्यालाही देऊन टाकला होता.

चोख होते मी? तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. ती आठवण कुठूनतरी येणार हे तिला सकाळपासून माहीत होतं, आणि ती तिच्याकडे पाठ करून बसली होती. त्या गुरुवारी साडेबाराला सतरा नंबरची बशी अशी दिसली होती, जशी कुणी तिच्यावर पीठ चाळलंय. खळगे भरायला चांगली अंडी पुरेनात. ती बशीकडे बघत उभी राहिली, किती वेळ? ओठ मिटेपर्यंतचा वेळ. मग वहीत लिहिलं: "आज अंडी चांगली पडली नाहीत." शेजारची साध्या पाण्याची बशी छान, नितळ होती. तीही त्याच टाकीतली, त्याच सकाळची. तिकडे तिनं बघितलं होतं का? बघितलं होतं. दोन्ही बशा एकाच हाताच्या अंतरावर होत्या, न बघून कुठे जाणार? पण बघणं आणि बघितलं असं कबूल करणं यांच्यामध्ये एक बोळ असतो, अंधारा, त्यात माणूस वाटेल तितका वेळ उभा राहू शकतो. तिनं सगळी बशी ओतून दिली. दुसऱ्या दिवशी अंडी भरपूर पडली, दुप्पट घेतली, खळगे भरले. त्या दिवशी ती चक्क गुणगुणत होती. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा सहकारी म्हणाला होता, "आज काय, लॉटरी?" आणि ती म्हणाली होती, "नाही हो. वीस भरले."

दहा वाजता नितळ बशीत पाच पांढरी. दुसरीत एकोणीस. अजून काही नाही, तिनं स्वतःला सांगितलं, वांझ असतील, आणि सांगतानाच तिला तो आवाज ओळखू आला. हा आवाज तिनं याआधीही वापरलेला होता. मऊ, शिकलेला, जरा वरून येणारा.

नऊ वर्षांपूर्वी. धाकटीचा फोन दुपारचाच आला होता. धाकटी जुन्या सामानाला पॉलिश करून विकणाऱ्या एका दुकानात काम करायची. अजूनही करते, आता दुकान तिचंच आहे. "ताई, गेलं गं," एवढंच म्हणाली. सहा आठवड्यांचं होतं. ही संध्याकाळी तिच्याकडे गेली, जाताना संत्री घेतली. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या बोटांच्या पेरांत तपकिरी रंग बसलेला होता, कितीही धुतला तरी न जाणारा. मग ती वळली आणि म्हणाली, "ताई, मी त्या आठवड्यात सगळं कोंडून पॉलिश करत होते, पाऊस होता म्हणून खिडक्या लावलेल्या. त्या वासानं तर नसेल झालं?" आणि ही म्हणाली... काय म्हणाली ते तिला शब्दन्‌ शब्द येत होतं. "वेडी आहेस का. सहा आठवड्यांचं म्हणजे काय असतं? बीजच खराब असणार. निसर्ग आपलं आपण निवडून टाकतो. ते धरायचंच नाही मोजणीत." संत्रं सोलत सोलत म्हणाली होती. धाकटीनं तिच्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. मग म्हणाली, "हं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल." आणि फोड घेतली. ते बोलणं धीराचं होतं, आणि बहुतेक वेळा खरंही असतं, असं तिनं नंतर किती वेळा स्वतःशी म्हटलं. बहुतेक वेळा. पण त्या वेळी? तिनं दुकान पाहिलं नव्हतं. डबा कुठला, किती तास, खिडक्या किती दिवस बंद, काहीच विचारलं नव्हतं. शेजारणीच्या नाही, मैत्रिणीच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या पोटातल्या जिवाला तिनं भिंगाखाली सुद्धा न धरता टिपून बाहेर सोडलं होतं. पुढं दोन वर्षांनी धाकटीला मुलगा झाला, गोंडस, बडबड्या, आणि सगळ्यांनीच धरून चाललं की आधीचं पुसलं गेलं. धाकटी तिला अजूनही ताई म्हणते, अजूनही डॉक्टरांचे कागद तिलाच वाचायला देते. पण काही विचारत नाही. वाचून झालं की, "बरं," म्हणते आणि कागद घडी करून पिशवीत ठेवते. या "बरं"चा अर्थ तिला नऊ वर्षांत लागला नव्हता. आत्ता, या कोमट खोलीत, पांढऱ्या बशीसमोर, तो लागला, आणि ती उठून हात धुवायला गेली. हात स्वच्छ होते. तरी धुतले. नळाखाली बोटं लाल होईपर्यंत.

साडेबाराला तिनं मोजलं. नितळ बशीत सात. सतरा नंबरच्या बशीत चौसष्ट. तिनं पुन्हा मोजलं, उलट बाजूनं. चौसष्ट. एकही टिपलं नाही, एकही टाकलं नाही, नळीला हातच लावला नाही. काही अंड्यांत घडी अर्धवट पडून थांबलेली दिसत होती; जे फळलंच नाही त्याला अशी घडी कुठून पडेल? सोळांचे बत्तीस होता होता फुटलेले होते काही. ती प्रत्येकाशी थांबली. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, नोंद करतेय. खरं म्हणजे ती फक्त बघत होती, प्रत्येकाला, सहा आठवड्यांत जेवढ्यांना बघितलं नव्हतं तेवढ्यांच्या वतीनं. मग तिला हेही खोटं वाटलं. एवढ्यानं काय होतंय.

तरी अडीच वाजेपर्यंत ती जागेवरून हलली नाही. डोक्यात एक दुसरी बाई बोलत होती, चांगली समजूतदार. सही करून टाक, म्हणत होती. एकाच दिवसाची मोजणी. मलम आधी थोड्याच बायकांवर वापरणार, तिथं काही दिसलं तर दिसेल. तुझी वीस वर्षं. आणि त्या थोड्याच बायकांतली एक तिला दिसायला लागली, उगाच, चेहरा नसलेली, कुठल्याशा न्हाणीघरात मलमाची नळी पिळणारी, जिच्या पोटात सोळांचे बत्तीस होताहेत आणि जिला ते ठाऊक नाही. तीही मग कुणाच्यातरी ताईला विचारेल, कशानं गेलं असेल गं? आणि ताईच्या हातात तिचाच अहवाल असेल.

सरांच्या खोलीत ती कागद घेऊन गेली तेव्हा ते अहवालाचं शेवटचं पान बघत होते. "या, या. सही राहिलीय फक्त तुमची." तिनं कागद समोर ठेवला. त्यांनी वाचला. मग चष्मा वर करून वाचला. "हे काय?" "आजची मोजणी. पहिल्या चार तासांची." "पण ती आपण धरत नाही." "मी धरत नव्हते." ते उठले, भिंतीशी गेले, पाय दुमडला. "अंडी खराब असतील." "एकाच टाकीतली आहेत. पाण्यात सात, औषधात चौसष्ट." "एका दिवसाचं आहे हे." "म्हणून तर सही एवढ्यात नको." तिनं सगळं सांगितलं, मोठी बशी, साडेबारा, पांढरं, बरणी. गुरुवारही सांगितला. सर खिडकीकडे वळले. "तुमच्या बशा मी लोकांना दाखवत होतो हो," ते म्हणाले. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळूच, जवळजवळ नवल वाटल्यासारखे म्हणाले, "आणि हे कधी कुणाला कळलंही नसतं."

"मावशींना कळलं होतं."

"कोण मावशी?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. अठरा वर्षं. "माशांच्या खोलीतल्या," ती म्हणाली. "त्यांना मोठी बरणी हवीय."

त्यांनी पाय खाली घेतला. खुर्चीत येऊन बसले, अहवाल मिटवला, खणात टाकला आणि खण जरा जोरानं लावला. "पहिल्यापासून करायचं सगळं. तुमच्या हातानं नाही, दुसरं कुणीतरी करेल. आणि उद्या मलमवाली माणसं येतील, त्यांच्यासमोर तुम्ही सांगायचं. गुरुवारसकट. मी तुमच्या वतीनं एक शब्द बोलणार नाही." "हो." "जा आता." ती दाराशी पोचली तेव्हा ते म्हणाले, "तुमच्यासारख्या बाईच्या हातून..." आणि वाक्य तिथंच ठेवून दिलं. पुढचं तिनं पुरं करून घेतलं, निरनिराळ्या तऱ्हांनी, संबंध बोळातून चालताना.

मागच्या जिन्यावर कुणी नसतं. ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि धाकटीला फोन लावला. पलीकडे कानशीची खरखर, मग ती थांबली. "ताई? कोण आजारी आहे?" "कोणी नाही." "मग या वेळी? भावोजी बरे आहेत ना?" "बरे आहेत. तुला वेळ आहे?" "एक गिऱ्हाईक आहे. बोल." आता काय बोलायचं? सकाळपासून तिनं हे एकदाही मनात घोळवलं नव्हतं. "तुला ते आठवतं," ती म्हणाली, "तुझं पहिलं. मी संत्री घेऊन आले होते."

पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज. मग, "नऊ वर्षांनी?"

"मी म्हटलं होतं, बीजच खराब असणार."

"म्हणाली होतीस."

"ते मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं काही, नुसती म्हणाले."

"मग वासानं झालं होतं?" आवाज कोरडा होता, पण त्याच्या खाली काहीतरी उठून बसलं होतं.

"तेही मला माहीत नाही. आता कळणारही नाही."

"मग फोन कशाला केलास ताई?"

ती पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. कड झिजलेली होती, मधोमध, हजार पायांनी. "माफी माग" असं ती दुसरी समजूतदार बाई आतून सुचवत होती, पण माफी मागणं म्हणजे पुन्हा धाकटीलाच काहीतरी द्यायला लावणं. "तुला त्या दिवशी मी काही विचारलं नाही," ती म्हणाली. "ते विचारायला केला. काय झालं होतं?"

"तू सांगितलंस फक्त," धाकटी म्हणाली. "आलीस, सांगितलंस आणि संत्रं सोलून दिलंस. मला एवढा राग आला होता. आणि तू शहाणी, म्हणून रागसुद्धा मीच गिळला." मग फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, "दादा, तुम्ही जरा दहा मिनिटांनी या हो. नाही, अर्ध्या तासानं या." दार लागल्याचा आवाज आला. स्टूल ओढल्याचा. "मध्ये बोलायचं नाही," धाकटी म्हणाली. "मध्ये बोललीस तर ठेवून देईन."

"नाही बोलत."

"मंगळवार होता. एक आरशाचं कपाट आलं होतं, लग्नाच्या घरचं, घाईचं. मी पॉलिशचा दुसरा हात देत होते, खालच्या फळीला, बसून. कंबर सकाळपासूनच दुखत होती, मला वाटलं बसून बसून. मग पायावर काहीतरी ओलं लागलं. तुला खरं सांगू, आधी मला वाटलं, पॉलिशच सांडलं. मी फडकं शोधत होते."